झोपलेल्याला उठवायचं नाही

आमच्या घरात वर्षातून तीनदा बाजा उभ्या व्हायच्या. देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निजायची आणि तिच्या त्या निद्रेच्या दिवसांत तुळजापुरातल्या आम्हा पुजाऱ्यांच्या घरी कुणी गादीवर, बाजेवर अंग टाकायचं नाही. देवी पलंगावर, आपण जमिनीवर, असा सरळ व्यवहार. बाजा भिंतीला टेकवून उभ्या केल्या जात, गाद्यांच्या वळकट्या फळीवर जात आणि सगळं घर घोंगड्यांवर उतरे. एवढं गावात बऱ्याच घरी होतं. आमच्या घरात त्याला आणखी एक शेपूट होतं, ते कुठल्या पूर्वजानं जोडलं कुणास ठाऊक. त्या दिवसांत झोपलेल्या माणसाला हाक मारून उठवायचं नाही. तो आपणहून उठेल तेव्हा उठेल.

लहानपणी या नियमाचा मी पुरेपूर फायदा घेतला. सकाळी चांगली जाग यायची, पण डोळे घट्ट मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून मी पडून राहायचो. माय येऊन बघायची, आणि मी जागा आहे हे तिला पक्कं कळत असूनही बिचारी पाय न वाजवता निघून जायची. शाळेतले मौलवीसाहेब नंतर कान पिळायचे ते निराळं. "देवी तुमची झोपते, तू कशाला झोपतोस?" असं ते विचारायचे.

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढं याच नियमानं माझा गळा धरला.

निजामाचं राज्य होतं. पुजाऱ्याच्या पोरानं बी.ए. व्हावं हेच आमच्या गल्लीत फार झालं होतं, मी त्याच्यावर कडी करून हैदराबादेला एम.ए.साठी राहिलो. विषय इतिहास, शिकवणं सगळं उर्दूतून. विद्येची फार आवड होती म्हणून राहिलो असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. खरं कारण पाळी होतं. देवीच्या पूजेची पाळी आमच्या घरात बापाकडून मुलाकडं येत आलेली, आणि आबांना मुलगा मी एकटा. देवीवर माझा राग नव्हता. राग त्या ठरलेपणावर होता. तीच गल्ली, दर्शनाला येऊन आमच्याकडं उतरणारे तेच यजमान, त्यांच्या मुलांच्या लग्नाच्या त्याच चौकशा, आणि आजोबांच्या पायांनी झिजलेल्या पायरीवर एक दिवस माझा पाय पडणार हे मी चालायला शिकायच्या आधीच ठरलेलं. एम.ए. झालो की कुठल्या तरी कॉलेजात नोकरी मिळेल, मग पाळी चुलत घराण्याकडं जाईल, असं आबांनी एकदा तोंडानं कबूल केलं होतं. नाही झालो, तर दसऱ्यानंतर सोवळं नेसायचं. मधला रस्ता त्यांनी ठेवला नव्हता आणि मीही मागितला नव्हता.

सुटायला म्हणून हैदराबादेला गेलो आणि वसतिगृहाच्या एका खोलीत जाऊन बसलो. घरी असताना रोज तालमीत जाणारा मी, जोर-बैठका काढून घागर खांद्यावर आणणारा, तिथं दोन वर्षांत खोलीतून वाचनालयात आणि वाचनालयातून खोलीत एवढाच चालत होतो. इराण्याचा चहा हेच जेवण झालं. एम.ए.चं एक वाईट असतं. बी.ए.पर्यंत मास्तर पुढं हाकतात, एम.ए.ला आपणच बैल आणि आपणच चाबूक. वाचलेलं पुरेसं झालं असं सांगणारं कुणी नसतं. मी एक पुस्तक संपवलं की त्यातून आणखी चार नावं निघत. झोप आधी उशिरा यायला लागली, मग तुटक यायला लागली आणि मग तिनं यायचंच सोडलं. मी कुणाला सांगितलं नाही. झोप येत नाही ही तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे असं आमच्याकडं कुणी मानतच नव्हतं. उलट, रात्र-रात्र जागतो म्हणजे अभ्यासू पोरगा.

उन्हाळ्यात परीक्षा आली. पहिल्या पेपराला प्रश्न वाचला, उत्तर येत होतं, टाक दौतीत बुडवला, आणि अक्षरं कागदावर मुंग्यांसारखी चालायला लागली. मी त्यांच्याकडं बघत बसलो. हात उचलेना. शेवटी उठलो, कोरा कागद तसाच ठेवला आणि बाहेर येऊन झाडाखाली ओकलो. डॉक्टरनं विश्रांती लिहून दिली. आजारपणात परीक्षा हुकलेल्यांना दसऱ्यानंतर आणखी एक संधी होती, तिच्यावर भिस्त ठेवून मी पेटीभर पुस्तकं घेऊन तुळजापूरला परत आलो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

घरी मला माडी मिळाली. तिला एकच खिडकी, ती उघडली की समोरच्या घराची भिंत. खाली बारा महिने यजमानांची वर्दळ. सोलापूरकडची माणसं, कर्नाटकातली कानडी बोलणारी कुटुंबं, त्यांची रडणारी पोरं, पुरणाचा धूर, आणि वर मी. आबा मला काही बोलत नसत. पाळीवरून आले की जिन्याखाली क्षणभर थांबत, वरचा कानोसा घेत आणि आत जात. ते थांबणं मला बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं. हा माणूस माझ्या हरण्याची वाट बघतोय, असं मला वाटायला लागलं होतं.

पाठांतर करताना मला फेऱ्या मारायची आणि पुटपुटायची सवय. उर्दूतल्या वंशावळी, लढाया, तह, सगळं मी ठेक्यात म्हणत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचो. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, अंगावर नुसता पंचा. एक दिवस जिन्यात कुणाची तरी चाहूल लागली म्हणून वळलो तर एक म्हातारी यजमानीण तापानं फणफणलेलं नातवंड कडेवर घेऊन दारात उभी. तिनं नातवंड माझ्या पायावर घातलं आणि म्हणाली, तुमी जे म्हणताव ते हेच्या कानात म्हणा. मी तिला समजावलं की हा मंत्र नाही, ही दिल्लीच्या बादशहांची यादी आहे. ती म्हणाली, असंना. शेवटी मी त्या पोराच्या कानात चार बादशहा सांगितले तेव्हा ती उठली. पोराचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला आणि माझ्या माडीची कीर्ती झाली. मायला जिन्याच्या तोंडाशी पहारा ठेवावा लागला. हसण्यासारखीच गोष्ट, पण त्या रात्री मला हसू आलं नाही. मी स्वतःला त्या बाईच्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि घाबरलो होतो.

मग मी तब्येत सुधारायची ठरवली, आणि तीही अभ्यासासारखीच. पहाटे थंड पाण्यानं आंघोळ, सूर्यनमस्कार, घाटाच्या माथ्यापर्यंत चालणं, ठरावीक घास, दिवेलागणीनंतर पुस्तक बंद. एक दिवस चालणं चुकलं की मला दिवसभर गुन्हेगारासारखं वाटायचं. तब्येत सांभाळणं हा आणखी एक पेपर झाला आणि त्यातही मी नापास होत होतो. झोपायचंच असं ठरवून बाजेवर पडलं की झोप जास्तच लांब जाऊन उभी राही. माय डोक्यावर ब्राह्मीचं तेल थापायची. वैद्यानं काढा दिला. शेजारच्या हकीमसाहेबांनी दिमागात गर्मी चढल्याचं सांगून गुलकंद पाठवला. मी सगळं घेतलं. सगळं घेऊन छताच्या वाशांकडं बघत पडून राहिलो.

भाद्रपदात देवीची घोरनिद्रा आली. नवरात्रातल्या युद्धाच्या आधीची ती झोप. खालच्या बाजा उभ्या झाल्या आणि माय माझी बाज उभी करायला वर आली. मी उठलो नाही. शिकलेल्या माणसानं या गोष्टी कुठवर करायच्या, आणि इथं डोळ्याला डोळा लागत नाही, त्यात जमिनीवर कुठं लोळू, असं मी वाटेल ते बोललो. ती बाजेच्या लाकडी गाताला हात लावून नुसती उभी राहिली आणि परत गेली. घरात पहिल्यांदाच निद्रेच्या दिवसांत एक बाज आडवी राहिली. आबांना कळलं असणार. माझ्या जेवणाचं ताट त्या दिवसांत त्यांनी स्वतः वर आणून ठेवलं. त्याचा अर्थ मी लावला तो असा, की बघा, आता मला बाटल्यासारखं वेगळं वाढतात. त्या दिवसांत माझ्या हाती कुठल्याही गोष्टीचा सरळ अर्थ लागतच नव्हता.

दसरा घरी करूनच जायचं ही आबांची अट होती. ती मी मान्य केली, कारण दसऱ्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघालं तरी पहिला पेपर गाठता येत होता. मोटारीनं सोलापूर, वाटेत सरहद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर पेटी उघडून दाखवायची, सोलापुरातून आगगाडी, वाडीला गाडी बदलायची आणि हैदराबाद. मोटारीतली जागा मी आधीच सांगून ठेवली. ती मोटार चुकवून चालणार नव्हतं. पुढं पौर्णिमेसाठी सोलापूरकडून माणसं पायी येतात, सगळा रस्ता त्यांनी भरतो, आणि त्या गर्दीत मोटारवाले पौर्णिमा होईपर्यंत गाडी बाहेर काढत नसत. आणि पहिला पेपर चुकला की पुढचे द्यायला बसूच देत नसत. म्हणजे ती एक मोटार, नाही तर सोवळं.

दसरा झाला. सीमोल्लंघन करून देवी पुन्हा पलंगावर निजली. ही श्रमनिद्रा. राक्षसाशी लढून दमलेली देवी पौर्णिमेपर्यंत झोपते. घर पुन्हा जमिनीवर आलं. या खेपेला मायनं विचारलं नाही, मीच बाज उभी केली. भक्ती वगैरे काही नव्हती. जायचंच होतं, भांडण कशाला ठेवून जायचं, एवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मायनं माझी पुस्तकं पेटीत भरली आणि पेटीला दोर आवळला. मी म्हटलं, एक तरी वर राहू दे, रात्री चाळतो. ती म्हणाली गाठ बसली आता. मग मी तिला म्हटलं, "पहाटं मला उठव. कसंबी करून उठव."

ती हसली. "झोपतोस कुठं तू, उठवाया?"

खरंच होतं ते. मीही हसलो आणि विषय तिथंच संपला. तिनं उठवीन असं म्हटलं नाही, हे माझ्या फार नंतर ध्यानात आलं.

दिवेलागणीला घोंगडीवर जरा टेकलो. हातात वाचायला काही नव्हतं. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच हात रिकामे होते आणि ते कुठं ठेवावेत हे मला कळेना, म्हणून छातीवर ठेवले. खाली कानडी यजमानांची कुणी बाई पोराला थोपटत काहीतरी गुणगुणत होती. घोंगडीला लोकरीचा आणि धुराचा वास येत होता, लहानपणी यायचा तोच. एवढंच आठवतं.

डोळे उघडले तेव्हा उन्हाचा पट्टा समोरच्या भिंतीवर होता. तो तिथं सकाळी कधीच नसायचा. मी बराच वेळ त्याच्याकडं शांतपणे बघत पडलो होतो. अंग हलकं होतं, डोकं धुतल्यासारखं स्वच्छ. किती दिवसांनी बरं वाटतंय असा विचार मनात आला, आणि त्याच्या पाठोपाठ तो पट्टा तिसऱ्या प्रहराचा आहे हे कळलं. मोटार सकाळीच गेली होती.

मी धडधडत जिना उतरलो. खालच्या पायरीवर माय बसली होती. घर सणाच्या गर्दीनं भरलेलं, पण कुणाचा आवाज नव्हता; यजमानांची पोरंसुद्धा चौकात बसून हळू बोलत होती. मला बघून ती बाजूला सरकली. ओसरीवर आबा होते. मी सरळ त्यांच्याकडं गेलो. त्यांनी न विचारता सांगितलं. मोटारवाल्याचा माणूस बोलवायला दारात आला होता, मायनं त्याला ओठावर बोट ठेवून गप्प केलं. मोटार अड्ड्यावर थांबली, भोंगा वाजवत राहिली. मग आबाच अड्ड्यावर गेले आणि निघा म्हणून सांगून आले.

माझ्या तोंडाला तेव्हा बंध राहिला नाही. माझं सगळं आयुष्य एका घोंगडीखाली पुरलंत, म्हणालो. देवीचं नाव सांगून डाव साधलात, म्हणालो. आणि शेवटी जे कित्येक महिने घशात अडकलं होतं ते बोललो.

"तुम्हाला हेच पाहिजे हुतं, आबा. मी नापास व्हावं न् पाळीला उभं ऱ्हावं."

मला वाटलं ते नाही म्हणतील. मी त्या नाहीची वाट बघत होतो, कारण ते खोटं पाडायला माझ्याकडं शब्द तयार होते. आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. त्यांचेही डोळे जागरणानं लाल होते, हे मी तेव्हा बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "ते बी मनात हुतं. खोटं कशाला बोलू? अड्ड्याकडं जाताना पाय हलके पडत हुते माझे, मलाच लाज वाटली." मग म्हणाले, "पर तुझ्या मायच्या मनात तसलं काय नव्हतं. तिला बोलू नको."

कबुलीशी भांडता येत नाही. मी सुटायची धडपड करत होतो आणि धरून ठेवणारा माणूस लबाड असावा अशी माझी गरज होती. तो लबाड निघाला नाही. मग मी कुणाच्या विरुद्ध सुटायचं? त्या दिवशी ओसरीवर उभा असताना मला जितकं अडकल्यासारखं वाटलं तितकं माडीतही कधी वाटलं नव्हतं.

पौर्णिमेला देवी उठली, सिंहासनावर बसली. हैदराबादेत माझ्या नावाची खुर्ची रिकामी राहिली. ते वर्ष मी आबांच्या मागं सोवळं नेसून पाळीला उभा राहिलो, आणि पुढल्या वर्षी त्यांनीच मला मोटारीत बसवून दिलं. परीक्षा पास झालो, जन्मभर धाराशिवला मास्तरकी केली. पाळी चुलत घराकडं गेली. पण आबा गेल्यावर आमच्या जुन्या घराच्या पायऱ्या चढताना मला दरवेळी कुणाचं तरी काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटायचं, ते गेलं नाही. सुटलो असं म्हणतात लोक. म्हणोत.

मला मात्र तो दिवस आठवतो तो आबांशी झालेल्या बोलण्यानंतरचा. जावं कुठं हे कळेना म्हणून मी परत जिन्यापाशी आलो. वर माडीत जावंसं वाटेना, बाहेर गल्लीत तोंड दाखवावंसं वाटेना. माय अजून त्याच पायरीवर होती. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. माझ्या प्रवासाची शिदोरी. दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, तळलेली मिरची. भल्या पहाटे उठून तिनं ती केली होती, मोटारीसाठी. मग शिदोरी हातात घेऊन मला उठवायला ती जिना चढली होती, एकदा नव्हे. दर खेपेला दारातून बघितलं आणि परत खाली आली. हे तिनं सांगितलं नाही. शेजारी बसलेल्या यजमानीण बाईनं सांगितलं, तेही हळू आवाजात.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी भांडेन असं तिला वाटलं असावं. हातानं गाठोड्याची गाठ घट्ट धरली होती. आणि माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. कितीतरी महिन्यांत मला भूक अशी लागलीच नव्हती. घास मोजून खायचो, तब्येतीसाठी. ही भूक कशासाठीच नव्हती, नुसती भूक होती, आणि तिची मला भयंकर चीड आली. वर्ष बुडालं, आयुष्य बुडालं, आणि या पोटाला दशमी पाहिजे.

मी गाठोडं तिच्या हातून घेतलं आणि गाठ सोडली. पहिली दशमी संपली तशी दुसरी घेतली. चटणीनं नाक-डोळे वाहायला लागले, ते चटणीनंच असं मी तेव्हा ठरवलं. हैदराबादेपर्यंत पुरायची शिदोरी मी घरच्या जिन्यावर बसून, दोन्ही हातांनी, अधाशासारखी खात होतो. मायनं तांब्या माझ्या बाजूला सरकवला आणि पाठीवर हात ठेवला.

"सावकाश खा," ती म्हणाली. "मोटार तर गेली आता."